वाचवून दाखवा

सगळी गल्ली त्यांना अनुस्वार म्हणायची. अंगानं लहान, बांध्यानं गोल, आणि इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर राहून बाकी सगळ्यांच्या डोक्यावर बसलेले. तेव्हा हे नाव कुणी ठेवलं हे शोधायची गरजच नव्हती, ते आपोआप पडलं असणार. त्यांना स्वतःलाही ते पसंत होतं. तक्रार एवढीच, की पेपरवाला बिलावर 'अनूस्वार' लिहायचा. तो 'नू' ऱ्हस्व करून घेतल्याशिवाय त्या माणसाला ते जिना उतरू देत नसत.

उभी हयात त्यांनी एका छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवली. छापायच्या आधी मजकूर वाचायचा, चुका हेरायच्या, बाजूच्या समासात खुणा करायच्या. रेल्वेची वेळापत्रकं, टेलिफोनच्या डिरेक्टऱ्या, औषधाच्या खोक्यातले घडीचे कागद, कुकरबरोबर येणाऱ्या सूचना. म्हणजे जे जगात कुणीही एकदासुद्धा वाचत नाही, ते सगळं त्यांनी दोन-दोनदा वाचलेलं. त्यामुळे त्यांच्या डोक्यात माहिती पुष्कळ होती, पण गप्पांना उपयोगी पडेल अशी फारशी नव्हती.

लग्न ठरल्यावर होणाऱ्या बायकोचं पहिलं पत्र आलं, ते त्यांनी लाल शाईनं तपासून परत पाठवलं होतं. घरच्यांनी कपाळावर हात मारला. झालं, मोडलं लग्न. पण उलट टपाली तिचं उत्तर आलं: 'दुरुस्त्या मान्य. मूळ मजकूर कायम.' त्या मूळ मजकुरावर दोघांचा संसार ती जाईपर्यंत बिनबोभाट चालला.

ती गेली, नोकरी संपली, मग डोळे. डॉक्टरांनी यंत्रातून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "पडद्याच्या मध्यभागी झीज आहे. समोरचं दिसणार नाही. कडेचं दिसत राहील."

"म्हणजे मजकूर गेला, समास राहिला," अनुस्वार म्हणाले.

डॉक्टरांना त्यातलं काही कळलं नाही. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या.

तसं घरातलं त्यांचं काही अडत नव्हतं. भात कुकरच्या आवाजावर व्हायचा, जिना पायांना पाठ होता. अडलं ते एका सकाळी. दात घासायच्या ट्यूबऐवजी गुडघ्याला लावायच्या मलमाची ट्यूब हाताला लागली. दात दुपारपर्यंत छान उबदार राहिले. एवढ्यावर थांबलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण हा किस्सा त्यांनी हसत हसत फोनवर लेकीला सांगितला, आणि तिथे माशी शिंकली.

लेक दुसऱ्या गावी राहायची. तिला हसू आलं नाही.

"बाबा, आज मलम दाताला लावलंत. उद्या गोंद डोळ्यात घालाल."

"घरात गोंद नाही."

"मग आणू नका. आणि आता पुरे झालं. इकडे या. मधली खोली रिकामी करून ठेवलीय मी."

त्या मधल्या खोलीला नावं ठेवायला जागा नव्हती. खिडकी होती, पंखा होता, जावई देवमाणूस होता. पण तिथे ग्लास उचलायच्या आत कुणीतरी त्यात पाणी ओतायचं, आणि पाणी प्यायच्या आत कुणीतरी विचारायचं, कसं वाटतंय. त्या घरी ते पाहुणे होते, आणि पाहुण्याला घरातल्या चुका काढता येत नाहीत. चुका काढल्याशिवाय अनुस्वारांना जेवण पचत नसे.

"मला रोज येऊन कुणी वाचून दाखवलं तर?" त्यांनी विचारलं. "औषधं, ट्यूबा, सगळं?"

"रोज? तुम्हाला? कोण टिकणार आहे तुमच्यापुढे?" लेक म्हणाली. "बरं. मिळवा कुणीतरी. पुढच्या पंधरवड्यात मी येते. असेल कुणी तर राहा. नसेल तर बॅग भरायची, आणि तेव्हा मी काहीही ऐकून घेणार नाही."

हे बजावून तिनं फोन ठेवला. अनुस्वारांना शाळेची आठवण झाली.

गल्लीच्या टोकाला मोठी शाळा होती, आणि वरच्या वर्गातल्या मुलामुलींना तिथे समाजसेवा सक्तीची होती. ठरलेले तास भरले नाहीत तर दाखला मिळायचा नाही. ज्यांच्याकडे हे खातं होतं त्यांना मुलं सेवासर म्हणत. सेवा मनापासून करायची असते, असं सर सांगायचे, आणि मनापासून न करणाऱ्याला नापास करायचे.

अडचण निराळीच होती. गावात सेवा करणारे उदंड झाले होते आणि करून घेणारे संपत आले होते. बागेतल्या बाकांना मुलांनी रंगाचे इतके थर दिले होते की बाकं गुटगुटीत दिसायला लागली होती. प्राण्यांच्या आश्रमात कुत्रा एकच होता. त्याला इतक्यांदा आंघोळ घातली गेली की शाळेचा गणवेश दिसला की तो आजारी पडल्याचं सोंग करायचा. मग आजारी कुत्र्याची शुश्रूषा करायला दुसरी तुकडी यायची. एका सेवानिवृत्त तलाठ्याला तर मुलांनी हात धरून रस्ता ओलांडून दिला, पलीकडच्या मुलांनी पुन्हा अलीकडे आणलं, आणि असं दुपारभर चाललं. बिचाऱ्याला टपाल टाकायचं होतं. पेटी अलीकडेच होती.

अशा दुष्काळात आपली गरज म्हणजे पर्वणी ठरेल, हे अनुस्वारांनी बरोबर ताडलं. त्यांनी कोरा मोठा कागद घेतला, जाड शाईचं पेन घेतलं, आणि शाळेच्या फळ्यासाठी सूचना लिहायला बसले. दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्यायचा प्रश्नच नव्हता. ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत त्यांचा या जगात एकाच माणसावर विश्वास होता, आणि तो माणूस घरातच होता.

लिहीत होते ते अंदाजानं. मधलं दिसत नव्हतं, कागदाच्या कडा तेवढ्या दिसत होत्या. हात मात्र जन्मभराच्या सवयीचा. 'वाच' एवढं लिहून झालं आणि कुकरची शिटी झाली. उठले, गॅस बंद केला, परत आले. तोवर मनात पुढचा शब्द, 'दाखवण्यासाठी', घोळायला लागला होता. त्यातला 'व' वाट न बघता एक स्टेशन आधीच उतरला. 'वाचून'चं 'वाचवून' झालं.

सूचना झाली ती अशी:

'तिसऱ्या मजल्यावरील एका ज्येष्ठ नागरिकास रोज संध्याकाळी तासभर वाचवून दाखवण्यासाठी विद्यार्थी हवेत. आवाज मोठा हवा. मध्येच सोडून जाणाऱ्यांनी येऊ नये.'

शाळेच्या कारकुनानं ती वाचली. एकदा वाचून त्याचं तोंड उघडलं. दुसऱ्यांदा वाचून त्यानं ते मिटलं. कारण समोर उभे होते ते अनुस्वार, ज्यांनी त्याच्या टेबलावरची 'चौकशि' ही पाटी स्वतःच्या पेनानं दुरुस्त केली होती. ज्यांनी लिहिलंय त्यांनी विचार करूनच लिहिलं असेल, असं मनाशी म्हणून त्यानं चार टाचण्या मारल्या.

फळ्यापुढे गर्दी झाली. गर्दीत सगळ्यात पुढे होती कॅप्टन. या मुलीनं शाळेत बचाव पथक काढलं होतं. दोर होता, हेल्मेटं होती, स्ट्रेचर होतं, शिट्या होत्या. नव्हता तो वाचवायला माणूस. गावात ना कुणी बुडायचं, ना कुठे आग लागायची. गाव इतकं सुरक्षित होतं की काळजीनं तिला झोप लागत नसे.

"रोज संध्याकाळी," कॅप्टन म्हणाली. "म्हणजे रोज संध्याकाळी त्यांच्या जिवाला धोका असतो."

"तासभरच?" बंबनं विचारलं. बंब तिचा उजवा हात. अग्निशमनाच्या गाडीसारखाच रुंद, आणि तेवढाच जोरात चालणारा. एकदा निघाला की थांबायला वेळ लागायचा.

"तासानं टळत असेल."

"आणि 'वाचवून दाखवा' कशाला लिहिलंय? नुसतं 'वाचवा' लिहायचं."

"आव्हान दिलंय," कॅप्टन हेल्मेटाचा पट्टा आवळत म्हणाली. "हिंमत असेल तर वाचवून दाखवा. मानी माणूस दिसतोय."

बंब या पथकात का आला होता, हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. ज्या सेवेत काहीही वाचावं लागत नाही अशी ही एकच सेवा होती. त्याला अक्षरं यायची, पण एकेक करून, रांगेत, धक्काबुक्की न करता. वर्गात मोठ्यानं वाचायला उभं केलं की शेवटच्या शब्दापर्यंत पोचायच्या आत तास संपायचा.

सेवासरांनी उपक्रमाला तिथल्या तिथे मंजुरी दिली. इतकी गंभीर गरज त्यांच्या कारकिर्दीत पहिल्यांदाच आली होती.

संध्याकाळी दार वाजलं. अनुस्वारांनी उघडलं. समोरच्या दोघांचे चेहरे त्यांना दिसणं शक्य नव्हतं. कडेनं गोल, चकचकीत असं काहीतरी दिसलं. हल्लीची मुलं डोक्याला काय काय घालतात, असं म्हणून त्यांनी दोघांना आत घेतलं.

"बसा. याआधी कुणाला वाचून दाखवलंय?"

जे ऐकायची मनाची तयारी असते तेच माणसाला ऐकू येतं. "माणसाला नाही, आजोबा," कॅप्टन म्हणाली. "पुतळ्यावर सराव केलाय."

"पुतळ्यावर."

"हो. रबरी आहे. त्याला बऱ्याचदा केलं."

"त्याची काही तक्रार?"

"काहीच नाही."

"कशी असेल," अनुस्वार म्हणाले. शाळेतल्या नव्या पद्धतींबद्दल त्यांनी बरंच ऐकलं होतं. "आवाज कसा आहे तुमचा?"

"शिटी आणलीय."

"शिटी कशाला?"

"लांबपर्यंत जाते."

"मी इतका लांब बसणार नाहीये. बरं. मी खुर्चीत बसू की कसं?"

"आडवे व्हा," बंब म्हणाला. "आडवं सोपं पडतं."

पडून ऐकायचं हे अनुस्वारांना सुचलं नव्हतं, पण कल्पना वाईट नव्हती. मुलं म्हणाली त्या जागी ते आडवे झाले. दोन पट्टे अंगावरून आवळले गेले तेव्हा त्यांना किंचित नवल वाटलं, आणि मग ते जमिनीवरून उचलले गेले.

"कुठे?"

"बाहेर. आजोबा, हात आत घ्या. चौकट आहे."

उजेडात नेत असतील, असं ते पहिल्या वळणापर्यंत धरून चालले. दुसऱ्या वळणावर बंबनं शिटी फुंकली. तळाच्या दुकानातून इस्त्रीवाल्या बाई गरम इस्त्री हातात घेऊन धावत बाहेर आल्या.

"अगं बाई, काका! काय झालं हो?"

"काही नाही काकू, बाजूला व्हा," कॅप्टन म्हणाली. "वाचवतोय."

पट्ट्यांत बांधलेले अनुस्वार एकदम ताठ झाले. डोळे गेले होते, कान शाबूत होते.

"काय म्हणालीस? वाचवतोय? वाचतोय म्हण."

"वाचवतोय आजोबा. तुम्हीच लिहिलंय ना."

"मी लिहिलंय 'वाचून'."

"वाचवून," कॅप्टन म्हणाली, आणि तिनं फळ्याचा काढलेला फोटो मोबाईलवर उघडला.

"एकेक अक्षर वाच."

"वा. च. वू. न."

"पुन्हा."

तिनं पुन्हा वाचलं. इस्त्रीवाल्या बाईंनीही डोकावून पाहिलं आणि मान हलवली, 'वू' होता. अनुस्वारांनी स्ट्रेचरवर पडल्या पडल्या पेनासाठी खिसा चाचपला. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका समासात ओढून काढलेला माणूस, आणि निवृत्तीनंतर स्वतःच्या हातानं, जाड शाईत, चार टाचण्या मारून अख्ख्या शाळेपुढे.

"लाल शाई आहे का कुणाकडे," ते शेवटी म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं: डोळे, मलम, लेक, मधली खोली. मला कुणी वाचवायला नको, नुसतं वाचून दाखवायला हवं, नाहीतर पंधरवड्यात माझं बोचकं उचललं जाणार. ऐकता ऐकता कॅप्टनचा चेहरा पडला. बंबचा तर पांढरा झाला.

प्रकरण सेवासरांकडे गेलं. सरांनी चष्मा पुसला.

"बदल होणार नाही. मंजुरी 'वाचवण्या'ला आहे. वाचन म्हणजे अभ्यास. अभ्यासाला सेवेचे तास दिले तर उद्या मुलं घरी बसून गणितं सोडवतील आणि समाजसेवा केली म्हणतील."

"सर, पण त्यांना वाचवायची गरजच नाहीये," कॅप्टन म्हणाली.

"गरज नाही म्हणून सेवा सोडायची? मग त्या कुत्र्यानं काय म्हणावं?"

तेव्हा तोडगा असा निघाला, की वाचवणं चालू ठेवायचं आणि वाचवता वाचवता वाचायचं.

दुसऱ्या दिवसापासून ठरल्या वेळी अनुस्वार स्ट्रेचरवर आडवे होऊ लागले. पुढून कॅप्टन, मागून बंब. पुढचा माणूस उलटा चालत असल्यामुळे त्याला वाचता येत नाही, म्हणून वाचन आलं बंबच्या गळ्यात. कागद अनुस्वारांच्या पोटावर चिकटवलेला असायचा आणि बंब पायऱ्या उतरता उतरता वाचायचा. तो इतका हळू वाचायचा की तीन मजल्यांत एक औषध व्हायचं.

अनुस्वारांची एक अट होती. छापखान्यात त्यांच्याशेजारी बसून मूळ प्रत मोठ्यानं वाचणारा एक मदतनीस असे. तो शब्दांबरोबर चिन्हंही वाचायचा, म्हणजे एकही सुटायचं नाही. त्याशिवायचं वाचन त्यांच्या कानाला उघडं-नागडं वाटे.

"जेवणानंतर घ्यावी," बंब वाचायचा.

"जेवणानंतर काय?"

"स्वल्पविराम."

"मग म्हण की. जेवणानंतर लगेच 'घ्यावी' म्हणालास तर घास तरी कुठे गिळायचा माणसानं?"

आणि इथे एक चमत्कारिक गोष्ट झाली. वर्गात बंब अडखळला की पाठीमागून कुणीतरी हसायचं. इथे तो जिथे जिथे थांबायचा तिथे काही ना काही चिन्ह निघायचंच, आणि अनुस्वार समाधानानं 'हं' म्हणायचे. असा श्रोता त्याला आयुष्यात भेटला नव्हता. घरीही तो तसाच बोलायला लागला. "आई स्वल्पविराम भूक लागलीय पूर्णविराम," असं ऐकून त्याची आई घाबरून सेवासरांना भेटून आली. सर म्हणाले, "सेवेचा परिणाम आहे, उतरेल."

गल्लीला सवय झाली. इस्त्रीवाल्या बाई स्ट्रेचरवर घालायला कडक इस्त्रीची चादर देऊ लागल्या. "काका, आज लवकर वाचलात," असं कुणीतरी जाता जाता म्हणायचं, आणि अनुस्वार "चादर खरखरते" म्हणून तिच्यातली चूक काढायचे. बंबनं मलमाच्या ट्यूबला जाड रबरबँड गुंडाळून दिलं, म्हणजे सकाळी हातालाच कळावं. दात पुन्हा थंड राहू लागले. आता लेक येईल तेव्हा दाखवायला काहीतरी होतं.

पण सेवासर पाहणीला आले आणि त्यांनी नाक मुरडलं. रोज त्याच जिन्यावरून वाचवण्यात प्रगती दिसत नाही, म्हणाले. कॅप्टन याचीच वाट पाहत होती. तिच्या दोराला दोन वर्षांत ऊन लागलं नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी अनुस्वारांना त्यांच्याच खुर्चीत बसवून, खुर्चीला चारी बाजूंनी आवळून, हेल्मेट घालून खिडकीबाहेर सोडण्यात आलं. दोर वरच्या कडीतून घेऊन बंबच्या कमरेला. बंबचे दोन्ही हात दोरात गुंतलेले, म्हणून औषधाचा कागद कॅप्टननं त्याच्या नाकासमोर धरलेला.

लेक रविवारी यायची होती. ती शनिवारी आली, कारण फोनवर वडील फार खूश वाटत होते आणि तिला ते बरं लक्षण वाटलं नाही. हातात मोकळी बॅग घेऊन ती गल्लीत शिरली आणि वरून आवाज ऐकू आला.

"रिकाम्या पोटी घेऊ नये."

"त्याच्या आधी काय होतं?" दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर तरंगणारी खुर्ची म्हणाली.

"कंस."

"मग कंस म्हण."

"कंस. रिकाम्या पोटी घेऊ नये. कंस पुरा."

लेक खाली उभी राहिली. "बाबा."

खुर्ची हळूच अर्धी फिरली. "लवकर आलीस."

"खाली या."

"ते माझ्या हातात नाही."

बंब खिडकीतून वाकला. त्याच्या कपाळाला घाम आला होता. "खाली घेऊ का वर?"

"खाली," लेक म्हणाली.

"वर," अनुस्वार म्हणाले.

इस्त्रीवाल्या बाई दारात आल्या. तलाठी अलीकडे होते, ते अलीकडेच थांबले. प्रश्न साधा होता, आणि तो दोराला लटकला होता. खाली आले तर समोर बॅग, बॅगेनंतर गाडी, गाडीनंतर मधली खोली. वर गेले तर आपलं घर.

"नियमानं खालीच घेतात," कॅप्टन चाचरत म्हणाली. "वाचवलेला माणूस वर नेत नाहीत."

"ऐका," लेक म्हणाली. "परक्या मुलीला कळतं. बाबा, तुम्ही मला सांगितलंत वाचून दाखवणारं कुणीतरी मिळालंय. हे वाचून दाखवणं? तुम्हाला खिडकीतून बाहेर टाकलंय."

"सोडलंय. टाकलंय वेगळं."

"शब्द काढू नका आता. आणि माझ्याशी बोलताना माझ्याकडे बघा. मागच्या खेपेलाही हेच. मी समोर बसून बोलतेय आणि तुम्ही तोंड फिरवून कपाटाकडे. त्याच्या आधीही तेच. मी काय एवढं वाईट सांगते तुम्हाला? या म्हणते, माझ्याकडे राहा म्हणते. त्यात तोंड फिरवण्यासारखं काय आहे?"

अनुस्वारांचं तोंड या वेळी इस्त्रीच्या दुकानाकडे होतं. ते तिथून हललं नाही.

"तुझ्याकडेच बघतोय."

"तुम्ही दुकानाकडे बघताय."

"मधलं दिसत नाही गं मला," ते म्हणाले. "कडेचंच दिसतं. सरळ बघितलं की तुझ्या जागी करडा डाग असतो. तोंड फिरवलं की मग तू दिसतेस. मागच्या खेपेला दिवसभर कपाटाकडे बघत होतो ते काय कपाट आवडतं म्हणून?"

बॅग लेकीनं एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. डोळ्यांचं कळलं होतं, औषधाचं कळलं होतं. पण आपलं तोंडही बघायचं नाही म्हणून बाबा मान वळवतात, असं धरून ती दर वेळी गाडीत रडत परत गेली होती.

"मग आता दिसते?" तिनं विचारलं.

"दिसतेस. बारीक झालीयस. आणि कानात काहीतरी नवं घातलंयस."

तिचा हात कानाकडे गेला.

"ताई स्वल्पविराम," बंब वरून म्हणाला, आणि मग त्याला भान आलं. "ताई, माझे हात भरून आलेत."

"तू वाचून दाखवतोस त्यांना? रोज?" लेकीनं विचारलं.

"रोज. हळू वाचतो. पण सगळं वाचतो."

"मलमाच्या ट्यूबवर काय लिहिलंय?"

बंबनं डोळे मिटले. त्याला तो मजकूर पाठ होता, चिन्हांसकट. "फक्त बाह्य वापरासाठी पूर्णविराम. डोळे स्वल्पविराम तोंड व जखमा यांपासून दूर ठेवावे पूर्णविराम. आणि तिला रबरबँड आहे. हे लिहिलेलं नाही, मी लावलंय."

"त्या दिवसापासून चुकली नाही एकदाही," इस्त्रीवाल्या बाईंनी साक्ष दिली. "मला रोज सकाळी खाली येऊन दात दाखवतात."

लेकीनं बॅग दुकानाच्या फळीवर ठेवली आणि ती जिना चढायला लागली. वर आली ती धापा टाकत. चप्पल दारात काढली, बंबच्या पुढ्यात उभी राहिली आणि तिनं दोर धरला.

"ताई, वर ओढलं तर वाचवलं असं धरत नाहीत," कॅप्टन म्हणाली.

"धरतील. तुझ्या सरांना मी बघते. ओढ तू."

तिघांनी मिळून ओढलं. खुर्ची करकरत, भिंतीला घासत वर आली. आधी हेल्मेट दिसलं, मग अनुस्वार. खिडकीच्या चौकटीत आल्यावर ते म्हणाले, "सावकाश. कुंडी आहे," आणि लेकीनं त्यांना काखेत हात घालून आत घेतलं. पट्टे सोडताना ती खूप बोलली. दोर बंद म्हणाली, खिडकी बंद म्हणाली, शिटी तर कायमची बंद. कॅप्टननं भाजीवालीशी करावी तशी घासाघीस केली. शेवटी दोराच्या बदल्यात स्ट्रेचर राहिलं, तेही पहिल्या मजल्यापासून खाली. वरचे दोन मजले अनुस्वार स्वतःच्या पायांनी उतरतील आणि मग पहिल्या मजल्यावर त्यांना वाचवण्यात येईल.

सोमवारी जाता जाता लेक शाळेत डोकावली. आत काय बोलणं झालं कुणाला कळलं नाही. कारकून एवढंच सांगतो, की सेवासरांनी तीनदा चष्मा पुसला आणि 'ठीक आहे, ठीक आहे' म्हणाले.

त्या संध्याकाळी वाचवून झाल्यावर अनुस्वार घरात येऊन बसले होते तेव्हा फोन वाजला.

"पोचले," लेक म्हणाली. "जेवलात?"

"कुकर लावलाय. तो बंब जिन्यात बसलाय अजून. एक शब्द राहिला म्हणाला."

"हं," ती म्हणाली. मागे तिच्या घरात काहीतरी जड सरकवल्याचा आवाज येत होता. "बाबा, एक विचारू? त्या मधल्या खोलीत मी शिलाई मशीन ठेवू का? कधीची व्हरांड्यात पडलीय."

अनुस्वारांनी फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला.

"ठेव," ते म्हणाले. "खिडकीजवळ ठेव. आणि अशी ठेव, की उजेड डाव्या बाजूनं येईल. नाहीतर हाताची सावली पडते सुईवर."